दोरीचे चार हिसडे

पनवेलला कासम नाखवांच्या ओट्यावर चहा हवा असेल तर दोरी दोनदा ओढावी लागे. ओट्याच्या खांबाला एक लोखंडी कडी होती. तिच्यातून करंगळीएवढी जाड दोरी निघून खिडकीच्या गजांमधून आत जाई आणि माजघराच्या तुळईवरून थेट चुलीपाशी उतरे. तिथे दुसऱ्या टोकाला खतीजाचाची असत. एक हिसडा म्हणजे ‘सगळं ठीक आहे’. दोन म्हणजे ‘आणखी दोरी सोड’. घरात याचा अर्थ चहा. तीन म्हणजे ‘वर येतोय’. घरात, जेवायला येतोय, ताट मांड. आणि चार म्हणजे ‘जीव धोक्यात आहे, असेल तसा वर ओढ’. या चौथ्याला घरगुती अर्थ दिलेला नव्हता. कासमचाचांच्या मते चार ही थट्टेची गोष्ट नव्हती.

या कारभाराचा आणखी एक नियम होता. जितके हिसडे आले तितकेच परत द्यायचे. परत येत नाहीत तोवर निरोप पोचला असं धरायचं नाही. आता चाचींचे हात पिठात असले की उत्तराला उशीर होई. मग चाचा पुन्हा दोन हिसडे देत. दोन आणि दोन चार. पहिल्यांदा हे झालं तेव्हा चाची पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आल्या. ओट्यावर पाहुणे, पाहुण्यांच्या मधोमध चाचा, धडधाकट.

“कुठं हाय धोका?” त्यांनी विचारलं.

“धोका कसला? चाय पायजे.”

“चार आले.”

“दोन दिले. दोन पुन्हा दिले.”

“हाताला सगळे सारखेच लागतात,” चाची म्हणाल्या. “माज्या हाताला चार आले. आता धोका नसला तर सांगा, मी आणते.”

मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. वडिलांचा छोटा छापखाना होता आणि मी अक्षरं शिकलो ती जाहीर निषेधाच्या मथळ्यांवर. त्यामुळे विसाव्या वर्षी माझी पक्की खात्री होती की गावात जे जे खोटं आहे ते उघड्यावर आणणं हे माझं काम आहे, आणि कासमचाचा माझ्या यादीत बरेच वर होते. गावाच्या मते ते पनवेलमधले सगळ्यात मोठे थापाडे होते. त्यांनी समुद्राच्या तळाशी देवमुशी पाहिली होती.

देवमुशी हे नाव आमच्याकडच्या कोळ्यांचं. मुशी म्हणजे शार्क, आणि ही त्यातली सगळ्यात मोठी, होडीपेक्षा मोठी, अंगभर पांढरे ठिपके असलेली. नावातल्या देवाला माझा विरोध होता आणि आहे. पण दुसरं नाव मला माहीत नाही, म्हणून चालवून घेतो.

चाचा हे मुंबईच्या गोदीतले पाणबुडे. तांब्याचं शिरस्त्राण, रबरी पोशाख, शिशाचे बूट घालून वीस वर्षं पाण्याखाली चालले. ते चालणं जमिनीवर आल्यावरही सुटलं नाही. बाजारात ते पाऊल उचलत ते चिखलातून उपटल्यासारखं, आणि ठेवत ते खाली काय आहे याचा अंदाज घेत. मान त्यांनी कधी वळवली नाही. शिरस्त्राणात मान वळवून उपयोग नसतो. आत डोकं फिरतं, काच तिथेच राहते. म्हणून कुणी डावीकडून बोललं की चाचा अख्खे डावीकडे वळत, छातीसकट. भाजीवाल्या बाया मुद्दाम एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने भाव सांगत आणि चाचा भोवऱ्यासारखे फिरत. दोन्ही कान जवळजवळ गेलेले, त्यामुळे भाव कुठलाच ऐकू येत नसे.

उंची, खोली, अंतर, सगळं ते वावात मोजत. दोन्ही हात पसरले की एक वाव. “तुजी अक्कल किती वाव हाय रे, छापखान्या?” असं मला विचारत. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवसापासून छापखाना ठेवलं होतं.

देवमुशीची हकिकत ते मागितल्याशिवाय सांगत नसत, पण गाव मागायचं थांबत नसे. मी ती पहिल्यांदा ऐकली ती भूगोल शिकवणाऱ्या भिडे मास्तरांबरोबर. मास्तरांना पाहिजे होता पुरावा, आणि मला भांडाफोड.

हकिकत अशी. लढाईच्या दिवसांत वेरावळच्या बाहेर मालाची एक बोट बुडाली. सामान काढायला कंत्राटदाराने मुंबईहून पाणबुडे नेले. चैत्र होता. चाचा बारा वाव खाली, बुडालेल्या बोटीच्या फळ्यांवर बसून पेट्यांना लोखंडी आकडे अडकवत होते.

“उजेड गेला,” चाचा म्हणाले. “मला वाटलं आमची होडी डोक्यावर सरकली. वळलो.” आणि सांगता सांगता ते वळले. “तर ती.”

“केवढी?” मास्तरांनी ओरडून विचारलं.

“शेपटापासून तोंडापर्यंत बघितली तवर माजे पाच श्वास झाले. सावकाश चालली होती. पाठीवर ठिपके, खतीजाच्या निकाहातल्या ओढणीवर होते तसे. तोंड ह्या दरवाज्याएवढं. उघडं.”

ओट्यावर सगळे पुढे सरकले.

“मग?”

“मग काय?”

“मग तिने काय केलं?”

“काय नाय केलं. माज्याभोवती एक फेरी मारली आनि गेली.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “अहो नाखवा, एवढं दरवाज्याएवढं तोंड उघडं, समोर माणूस, आणि काहीच नाही?”

“पानी गाळत होती ती. पान्यातला जवळा खाते, बारीक, डोळ्याला न दिसनारा. मला खाऊन काय करील? तांब्याची टोपी पचायची नाय तिला.”

लोक हिरमुसले होऊन उठले. मी बसून राहिलो. थापा मारणारे मी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्या थापेत शेवटी काहीतरी घडतं. ज्या थापेत काहीच घडत नाही ती मारून कुणाला काय मिळणार? माझ्या यादीतून चाचांना मी तिथेच खोडलं.

पण गावाला न घडलेली गोष्ट पचत नसे. सकाळी ओट्यावर ऐकलेली हकिकत दुपारी एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात पोचेपर्यंत मुशीने चाचांना गिळून थुंकलेलं असे. मग चाचा शिशाची पावलं टाकत स्टँडवर जात आणि तिथल्या मंडळींना उठवून त्यांच्या मुशीचे दात काढून घेत, तिला कापून मूळ मापावर आणत. “माजी मुशी मला परत द्या,” असं म्हणत. “हिनं कुनाला दुखवलेलं नाय. तिची बदनामी का करता?”

ओट्याच्या भिंतीवर त्यांनी कोळशाने एक नकाशा काढला होता. वर काठेवाड, खाली मलबार, आणि दूर पाण्यात लखदीव-मालदीवची बेटं. देवमुशी पाण्याखाली कुठे भेटते, ते त्यावर दाखवलेलं होतं. खलाशांनी सांगितलेल्या जागांवर पोकळ गोल: मालदीवला, लखदीवच्या पश्चिमेला, एडनच्या वाटेवर, रत्नागिरीच्या बाहेर. ऐकलेलं पोकळ, पाहिलेलं भरीव, असा त्यांचा कायदा. सबंध नकाशात भरीव ठिपका एकच होता, वेरावळच्या बाहेर.

“एवढे गोल कशाला मग?” मास्तर म्हणाले. “एकच तर खरा आहे.”

“बाकीचे खोटे नायत, मास्तर. फकत माजे नायत.”

हे वाक्य मी पत्रकात वापरायला लिहून घेतलं होतं. कुठल्याच पत्रकात बसलं नाही.

आता गोमा. करंजाड्याचा गोमा म्हात्रे वीस वर्षं चाचांच्या दोरीचं वरचं टोक धरत होता. पाणबुड्याला तळाशी ऐकू येत नाही, बोलता येत नाही. वर जो दोरी धरतो तोच त्याचा कान आणि तोंड. चाचा सांगत, निकाह एकदा होतो, गोमाशी माझा रोज सकाळी होत असे. आणि याच गोमाशी चाचा बारा-तेरा वर्षं एक शब्द बोलले नव्हते.

कारण वेरावळची तीच सकाळ. मुशी फेरी मारत असताना, वर काळजी नको म्हणून, चाचांनी दोरीला एक हिसडा दिला: ‘सगळं ठीक आहे’. आणि गोमाने त्यांना बारा वावांवरून, मध्ये कुठे न थांबवता, विहिरीतून बादली काढावी तसं वर खेचलं. इतक्या झपाट्याने वर आलं की माणसाचे कान फुटतात. चाचांचे दोन्ही फुटले. होडीत शिरस्त्राण काढलं तेव्हा कानांतून रक्त येत होतं आणि दोघे एकमेकांवर ओरडत होते.

चाचा म्हणत होते, एक दिला. गोमा म्हणत होता, चार आले.

यात समेटाला जागा नव्हती. चार दिले असतील तर चाचा एका गरीब मुक्या माशाला पाहून भ्याले आणि वर त्यांनी तेरा वर्षं खोटं सांगितलं. एक दिला असेल तर गोमाने न आलेला हुकूम पाळून जोडीदाराचे कान घेतले, आणि ज्याचा हात न आलेलं मोजतो त्याच्या हाती पुन्हा कुणी दोरी देत नाही. गोदीने वाद सोडवला नाही. दोघांनाही घरी पाठवलं.

गोमा करंजाड्याला मिठागरावर गेला. दर शुक्रवारी तो मिठाच्या टोपल्या घेऊन पनवेलला येई आणि बसायला सबंध बाजार मोकळा असताना चाचांच्या ओट्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे लोहाराच्या पायरीवर बसे. चाचा शुक्रवारची नमाज आटोपून ओट्यावर येत. मग दोघे दिवसभर एकमेकांकडे न बघता समोरासमोर बसत. मीठ चाची त्याच्याकडूनच घेत. चाचांना ते माहीत होतं. बाकी साऱ्या स्वयंपाकाला ते नावं ठेवत, मिठाला कधी ठेवलं नाही.

एकदा मी गोमाला विचारलं, “तुम्ही रोज इतके हिसडे मोजत होता, एकदा चुकला असाल.”

“मना चार आले,” तो म्हणाला. “तो बोलतो ते खोटं नाय, मना म्हाईत हाय, कासम खोटं बोलत नाय. पन मना चार आले. आता काय करू, हात कापून दाखवू?”

ओट्यावर जाऊन तेच विचारलं तर चाचा म्हणाले, “गोमा खोटारडा नाय. त्याला खोटारडा बोललास तर ओट्यावरून खाली ढकलीन. पन मी एक दिला.”

दोन खरी माणसं आणि दोन वेगळे आकडे. माझ्यासारख्याला हे सहन होणं शक्य नव्हतं. सत्य एकच असतं आणि ते जाहीर सभेत निघतं, अशी माझी त्या वेळी श्रद्धा होती. मी पत्रक छापलं: ‘पनवेलकरांनो, एक की चार? सत्याचा निवाडा तुमच्यासमोर!’ खाली जागा आणि वेळ: वडाळे तळं, रविवार, सकाळी. निम्म्या गावाला वाटलं की नगरपालिकेच्या वॉर्डांचा प्रश्न आहे. ती मंडळीही आली.

दोघांना तयार करणं कठीण जाईल असं वाटलं होतं. गोमा म्हणाला, “तो येनार आसंल तर येतो.” चाचा म्हणाले, “तो येनार असंल तर येतो.” दोन्ही घरी मी ‘हो’ सांगितलं. सत्यासाठी मी बोललेलं ते पहिलं खोटं.

योजना माझी होती. चाचांनी तळ्यात डुबकी मारून दोरीला हिसडे द्यायचे. किती आणि कोणत्या क्रमाने, ते भिडे मास्तरांनी लिहून पाकिटात बंद केलेलं. चाचांना तेवढं आधी दाखवलेलं. गोमाने काठावर पाण्याकडे पाठ करून दोरी धरायची आणि आकडा ओरडायचा. गोमा चुकला तर त्याचा हात खोटा. चुकला नाही तर हात खरा, म्हणजे चाचा भ्याले. मी दोन्ही निकालांचे ठराव लिहून दोन खिशांत ठेवले होते.

चाचा लुंगीचा कासोटा घालून पाण्यात उतरले. साठीचा माणूस, पण पाणी छातीपर्यंत आलं आणि त्यांचं चालणं एकदम हलकं झालं. जमिनीवर जे विचित्र दिसे ते पाण्यात डौलदार दिसत होतं. एक दगड पोटाशी धरून ते खाली गेले.

“दोन,” गोमा ओरडला. मास्तरांनी कागद बघून मान हलवली.

चाचा वर आले, श्वास घेतला, पुन्हा खाली.

“तीन.” बरोबर.

“एक.” बरोबर.

“दोन.” बरोबर. तेरा वर्षांनी दोरी धरलेल्या त्या हाताने एकदाही घोटाळा केला नाही. गर्दीत कुजबुज सुरू झाली. माझा हात उजव्या खिशाकडे गेला. चाचा भ्याल्याचा ठराव तिकडे होता.

शेवटची डुबकी. थोडा वेळ गेला.

“चार,” गोमा ओरडला. त्याने दोरी खांद्यावर घेतली आणि तळ्याकडे पाठ ठेवूनच पळत सुटला. दोरी चाचांच्या कमरेला बांधलेली. चाचा शेवाळासकट, पोटाशी दगड तसाच धरून, तळ्याच्या पायऱ्यांवर आदळत वर आले.

“एक,” चाचा गर्जले. “एक दिला मी. पुन्हा तेच.”

मास्तरांनी कागद वर धरला. त्यावर एक होता.

लोक हसायला लागले. कुणीतरी गोमाला टोपलीतलं मीठ मोजून दाखव म्हणालं. गोमा आपल्या तळहातांकडे बघत उभा होता. माझा हात डाव्या खिशाकडे निघाला होता, तेवढ्यात पायऱ्यांवर बसलेल्या खतीजाचाची म्हणाल्या, “हसता काय? चारच आले. एक ह्यांनी दिला, तीन तिनं दिले.”

त्यांनी बोट दाखवलं तिकडे सगळ्यांनी पाहिलं. पाण्यात एक म्हैस होती. तळ्यात म्हशी डुंबतातच, त्यांना पत्रक गेलेलं नव्हतं. दोरी जिथून ताणलेली गेली होती तिथे ती मान वर करून उभी होती, आणि मानेला खाज सुटल्यासारखी जागेवरच हलत होती. खाजवायला मिळालेली दोरी आत्ताच निघून गेली होती.

“मी बघत होते,” चाची म्हणाल्या. “ह्यांचा झाला आनि लगेच हिनं मान घासली. तीन डाव. हाताला सगळे सारखेच लागतात, मी कधीची सांगते.”

चाचांना ऐकू गेलं नव्हतं. पण त्यांनी सगळ्यांच्या नजरा पाहिल्या आणि अख्खे वळले. म्हशीकडे पाहिलं. दोरीकडे पाहिलं. मग पुन्हा अख्खे वळले आणि गोमासमोर उभे राहिले.

“गोमा,” ते म्हणाले. तेरा वर्षांतला तो पहिला शब्द होता. “तेव्हा, वेरावळला, पयला कसा होता?”

गोमाने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. “पयला हलका. तुजा होता. मागचे तीन जड. मना वाटलं, जीव जाताना मानूस जोर लावतो तसा लावतोस.”

“फेरी मारली तिनं,” चाचा म्हणाले. “माज्या आनि होडीच्या मधून गेली. दोरी तिच्या पाठीला लागली असनार.”

“असनार.”

“मग तू बराबर ओढलंस.”

“आनि तू एकच दिलास.”

एवढं बोलून दोघे पायरीवर बसले. गर्दी बराच वेळ उभी राहिली. त्यांना वाटत होतं की आता मिठी मारतील, रडतील, निदान भाषण होईल. काही झालं नाही. चाचींनी डब्यातून भाकऱ्या काढल्या. मी माझे दोन्ही ठराव तळ्यात बुडवले. म्हशीने त्यातला एक हुंगून सोडून दिला.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला लिहायला सोपं गेलं असतं. पण चार दिवसांनी मी ओट्यावर गेलो तर चाचा उदास बसलेले.

“तीन म्हंजे काय रे, छापखान्या?”

“वर येतोय.”

“तिनं तीन दिले. कुनी परत दिले नाय.”

मी त्यांना समजावलं. मासा आहे, पाठ घासली गेली, त्याला तुमच्या खुणा माहीत नाहीत, अर्थ आपण लावतो, अशाच अर्थ लावण्यातून अंधश्रद्धा जन्माला येतात. मी चांगलं पंधरा मिनिटं, दोन पत्रकांचा मजकूर होईल एवढं, त्यांच्या कानात ओरडलो.

“तिला नाय म्हाईत,” चाचा म्हणाले. “मला म्हाईत हाय ना.”

पुढच्या चैत्रात दोघे वेरावळला निघाले. चाचींनी एकच अट घातली: दोरी बुडवायची, माणूस बुडवायचा नाही. गोमाने तशी शपथ घेतली. पण गलबत काही केल्या मिळेना. गलबतं बंदरात होती. अडचण चाचांच्या नाकाची होती. आमच्या किनाऱ्यावर होडीचं लाकूड टिकावं म्हणून त्याला माशाचं तेल चोपडतात, आणि सगळ्यात चांगलं तेल देवमुशीच्या काळजाचं, ते काठेवाडाकडून डबेच्या डबे येतं. चाचा बंदरावर एकेका गलबताच्या बुडाला नाक लावून पुढे जात.

“ह्यात नाय.”

“अरं चांगलं हाय, मजबूत हाय,” गोमा म्हणे.

“ह्याच्यात तिची आत्या हाय. आत्याचं तेल अंगाला लावून भाचीला भेटायला जाऊ?”

नऊ दिवस त्यांनी वास घेतला. बंदरावरच्या लोकांना वाटलं सरकारने जकातीसाठी नवा माणूस नेमलाय. शेवटी कौलं घेऊन जाणारं, डांबर फासलेलं एक गलबत पसंत पडलं. जाताना ओट्यावरची दोरी सोडून गोमाने खांद्यावर घेतली. चाची म्हणाल्या, “महिनाभर चाय कुनी मागनार नाय. जा, सावकाश या.”

ते परत आले तेव्हा मी बंदरावर होतो. गलबत धक्क्याला लागायच्या आधीच मला कळलं की पुन्हा भांडण झालंय. एक जण पुढच्या टोकाला, नाळेवर उभा होता आणि दुसरा पार मागे.

“दोरी बुडवली,” गोमा म्हणाला. “त्याच जागेवर. कासमनी तीन हिसडे दिले, मग मी दोरी धरून बसलो. उत्तर आलं. एक आला.”

“लाटेचा झोला,” चाचा मागून म्हणाले. त्यांना कसं ऐकू आलं कोण जाणे.

“वीस वर्सं हिसडे मोजले मी. झोला मना कळत नाय?”

“झोला.”

“उजेड गेला हुता पान्यात. मी बगितला.”

“ढग हुता.”

आयुष्यभर चाचांना एकच गोष्ट हवी होती, की ती पुन्हा भेटावी. ती भेटली असं सांगणारा साक्षीदार समोर उभा होता, तो खोटं बोलत नाही हे ते स्वतः सांगत आले होते, आणि गाव या वेळी विश्वास ठेवायला तयार होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. चाचांनी नकाशावर वेरावळच्या ठिपक्याशेजारी एक नवा गोल काढला आणि तो पोकळ ठेवला.

“मी नाय बघितली. गोमानं सांगितली. ऐकीव.”

दर शुक्रवारी, चाचा नमाजला गेले की गोमा रस्ता ओलांडून येई, कोळसा घेऊन तो गोल भरून टाकी आणि परत लोहाराच्या पायरीवर जाऊन बसे. चाचा आले की ओल्या फडक्याने आतलं पुसत, कड तेवढी राखत. भिंतीला तिथे खळगा पडला. बोलणं पुन्हा बंद. मी मध्यस्थी करू का, असं विचारायला गेलो तर चाचींनी मला दारातच अडवलं. “तू पत्रक काढू नको,” त्या म्हणाल्या. “दोघं खुशीत हायत.”

त्या वर्षी मला पेणला एका साप्ताहिकात काम मिळालं. चाचा गेल्याचं पत्र मला तिथेच आलं, चाचींनी कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, दोन ओळींचं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पनवेल सोडताना. शुक्रवार होता. एस. टी. बाजारातून निघाली आणि चाचांच्या घरापाशी थांबली, कारण समोर रस्त्याला आडवी दोरी होती. ओट्याच्या कडीतून निघून ती रस्त्यावरून लोहाराच्या पायरीपर्यंत गेलेली. एका टोकाला चाचा, दुसऱ्या टोकाला गोमा. तोंडं विरुद्ध दिशांना.

ड्रायव्हरने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. त्याला हे दर शुक्रवारचं असावं. तो खिडकीतून म्हणाला, “नाखवा, जाऊ द्या.”

गोमाने चाचांकडे न बघता दोरीला दोन हिसडे दिले. चाचांनी गोमाकडे न बघता दोन परत दिले आणि दोरी सैल सोडली. ती धुळीत पडली. गाडी तिच्यावरून गेली.

मी मागच्या काचेतून पाहत राहिलो. दोरी पुन्हा वर उचलली गेली आणि ताठ झाली. मग ती पलीकडून एकदा हलली. थोडं थांबून अलीकडूनही एकदाच हलली.

तेवढ्यात गाडी वळली.